मूल तपासले, चिठ्ठी दिली. आई-वडिलांना शिकवणार कोण?

मागच्या पावसाळ्यात मराठवाड्यातल्या एका गावी अंगणवाडीच्या ओट्यावर एक आई भेटली. मुलगा तीन वर्षांचा. एकही शब्द बोलत नव्हता, हाक मारली तरी वळून बघत नव्हता, दिवसभर डब्याचे झाकण फिरवत बसायचा. तपासणी पथक गावात आले तेव्हा डॉक्टरांनी त्याला पाहिले आणि जिल्ह्याच्या रुग्णालयाची चिठ्ठी दिली. ती दोनदा जाऊन आली. दोन्ही वेळा नवरा-बायकोचा रोज बुडाला, एसटीचे भाडे वेगळेच. तिथे तिला सांगितले, "घरी त्याच्याशी बोलत राहा, खेळत राहा, तीन महिन्यांनी दाखवा." ती मला म्हणाली, "ताई, बोलते की मी त्याच्याशी. तो बघतच नाही. मग काय बोलू, कसं बोलू, ते कुणी सांगतच नाही."

या क्षेत्रातला आजचा सगळ्यात मोठा प्रश्न तिने नेमका मांडला. लहान मुलांमधील विकासाचा विलंब ओळखण्याची यंत्रणा महाराष्ट्रात निदान कागदावर तरी उभी आहे. ओळखल्यानंतर आई-वडिलांनी रोज घरी काय करायचे, हे शिकवणारी यंत्रणा मात्र गावात आणि वस्तीत जवळपास नाही. महिन्यातून एकदा अर्धा तास थेरपी मिळाली तरी उरलेला सगळा वेळ मूल घरच्यांसोबतच असते. त्या वेळेचा उपयोग कसा करायचा, हे शिकण्याचा हक्क त्या घराला आहे.

हा आपल्या वस्त्यांचा प्रश्न का आहे

मान धरणे, बसणे, चालणे, बोलणे, खेळणे, समजून घेणे हे टप्पे वयाच्या मानाने बरेच उशिरा येणे म्हणजे विकासातील विलंब. त्यामागे कधी ऐकू न येणे असते, कधी सेरेब्रल पाल्सी, कधी डाऊन सिंड्रोम, कधी स्वमग्नता म्हणजे ऑटिझम, तर कधी बौद्धिक अक्षमता. काही मुले थोड्या मदतीने बरोबरीला येतात, काहींना आयुष्यभर आधार लागतो. कोणते मूल कोणत्या वाटेने जाईल हे पहिल्या दोन-तीन वर्षांत नेहमी सांगता येत नाही. म्हणूनच पक्क्या निदानाची वाट न पाहता मदत सुरू करायची असते.

२०११ च्या जनगणनेत अनुसूचित जातींमध्ये दिव्यांगांचे प्रमाण २.४५ टक्के नोंदले गेले. अनुसूचित जाती-जमाती सोडून इतर लोकसंख्येत ते २.१८ टक्के होते. आपल्यापैकी बहुतेकांची मुळे याच समूहात आहेत. आकड्यातला फरक छोटा दिसतो, पण त्यामागची कारणे ओळखीची आहेत: गरोदरपणी अंगात रक्त नसलेली आई, शेवटच्या दिवसापर्यंत मजुरी, कमी वजनाचे बाळ, दवाखान्यात पोहोचायला झालेला उशीर, जन्मानंतरची कावीळ अंगावर काढणे. ही कारणे काही दैवाने ठरवलेली नाहीत.

त्याच जनगणनेत देशभरात सहा वर्षांपर्यंतची सुमारे २०.४२ लाख मुले दिव्यांग म्हणून नोंदली गेली. म्हणजे त्या वयोगटाच्या जेमतेम सव्वा टक्का. पुढे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत उत्तर गोव्यासह देशातील पाच ठिकाणची २ ते ९ वयाची जवळपास चार हजार मुले तज्ज्ञांनी तपासली. त्यात साधारण आठातल्या एका मुलात मेंदूच्या विकासाशी संबंधित काही ना काही अडचण आढळली. दोन्हींची व्याख्या आणि वयोगट वेगळे असल्याने थेट तुलना करता येणार नाही. पण दारात आलेल्या प्रगणकाला आई "माझं लेकरू उशिरा बोलतंय" असे सांगत नाही. जी मुले मोजलीच जात नाहीत, त्यांच्यासाठी तरतूदही होत नाही.

योजना आहेत, मधली पायरी गळते

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, पालघरमध्ये झाली. जन्मजात व्यंग, जीवनसत्त्वांची व पोषणाची कमतरता, आजार आणि विकासातील विलंब अशा चार गोष्टींसाठी जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी त्यात आहे. फिरत्या पथकाने अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा यायचे, अडचण दिसलेल्या मुलांना जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवायचे, अशी रचना आहे. त्या केंद्रात बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, वाचा-श्रवण तज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, विशेष शिक्षक एका छताखाली असावेत असे मार्गदर्शक सूचना सांगतात.

रचना चांगली आहे. ती गरिबाच्या बाबतीत कुठे गळते ते पाहा. ऊसतोडीला जाणारे कुटुंब दिवाळीच्या सुमारास गाव सोडते आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परतते. मधल्या काळात पथक येऊन गेले तर मूल पथकालाही दिसत नाही आणि अंगणवाडीलाही. गावात राहणाऱ्यांसाठी जिल्ह्याचे केंद्र पन्नास-साठ किलोमीटरवर. एकदा जाता येते, दोनदा जाता येते. दर आठवड्याला हातावर पोट असलेला माणूस जाऊ शकत नाही. मग फाईलवर शेरा पडतो: "पालक येत नाहीत."

२८ नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने दिव्यांग बालकांसाठी अंगणवाडीची स्वतंत्र कार्यपद्धती जाहीर केली. तिच्या तीन पायऱ्या आहेत: लक्षणे लवकर ओळखणे, मुलाला समाजात सामावून घेणे व कुटुंबाला सक्षम करणे, आणि आशा, एएनएम व तपासणी पथकामार्फत पुढच्या उपचारांशी जोडणे. पाठोपाठ २०२४ मध्ये जन्मापासून तीन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी 'नवचेतना' हा आराखडा आला. घरी आई-वडिलांनी महिन्यागणिक कोणते खेळ घ्यायचे याचे वेळापत्रकच त्यात आहे. म्हणजे धोरणाने पालकांची भूमिका मान्य केली आहे.

पण तीन पायऱ्यांपैकी पहिली आणि तिसरी पायरी रजिस्टरमध्ये भरता येते. किती मुले तपासली, किती पाठवली, याचे रकाने असतात. मधली, कुटुंबाला सक्षम करण्याची पायरी मोजायला अवघड, म्हणून तीच आधी गळते. ज्या सेविकेने हे करायचे तिच्यावर पोषण आहार, वजन-उंची, मोबाईलवरची माहिती भरणे, सर्वेक्षण अशी कामे आधीच लादलेली आहेत. मानधनवाढ आणि इतर मागण्यांसाठी राज्यातील अंगणवाडी सेविका-मदतनिसांना डिसेंबर २०२३ पासून जवळपास दोन महिने संप करावा लागला. तिला आणखी एक पुस्तिका हातात देऊन पालकांना शिकव म्हणणे म्हणजे काम कुणीच करणार नाही याची सोय करणे.

"बोलत राहा" हे प्रशिक्षण नव्हे

पालक प्रशिक्षण म्हटले की भाषण, बॅनर आणि चहा-बिस्किटे डोळ्यांसमोर येतात. खरे प्रशिक्षण वेगळे असते. ते करून दाखवायचे, आईला किंवा वडिलांना समोर करायला लावायचे आणि पुढच्या आठवड्यात काय जमले, काय नाही ते विचारायचे.

झाकण फिरवत बसणाऱ्या मुलाचे उदाहरण घेऊ. आई मागून हाका मारत असते, हातातले झाकण काढून घेते, मूल किंचाळते. प्रशिक्षणात तिला सांगतात: त्याच्यासमोर, त्याच्या उंचीवर बस. तूही एक झाकण घे आणि फिरव. तो बघेपर्यंत थांब. बघितले की "फिरलं!" एवढा एकच शब्द बोल. झाकण थांबले की तूही थांब आणि मनात पाचपर्यंत मोज. त्याने डोळ्याने, हाताने, आवाजाने काहीही खूण केली तर ते त्याचे बोलणे समज आणि पुन्हा फिरव. पाणी हवे असेल तर लगेच देऊ नको. पेला आणि वाटी दोन्ही पुढे धर, त्याला निवडू दे. लांबलचक वाक्यांऐवजी "पाणी", "दे", "ये", "संपलं" असे छोटे शब्द वापर. हे आंघोळ घालताना, भाकरी करताना, धुणे धुताना करता येते. त्यासाठी महागडी खेळणी लागत नाहीत आणि वेगळा तासही काढावा लागत नाही.

सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाच्या घरी वेगळी गोष्ट शिकवावी लागते: आडवे झोपवून भरवू नका, पाठीला आणि मानेला आधार देऊन बसवून भरवा, नाहीतर घास श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. हट्ट आणि आदळआपट करणाऱ्या मुलाच्या बाबतीत मारण्याआधी शोधायचे असते: त्याला काही हवे आहे का, काही टाळायचे आहे का, गोंगाट सहन होत नाही का, की दात-कान-पोट दुखते आहे? कपडे घालण्यासारखे काम छोट्या पायऱ्यांत तोडून एकेक पायरी शिकवायची असते.

हे शिकवायला प्रत्येक वेळी मोठा तज्ज्ञच लागतो असे नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २ ते ९ वयाच्या अशा मुलांच्या पालकांसाठी एक कार्यक्रम तयार केला आहे. त्यात नऊ गट-बैठका आणि तीन गृहभेटी आहेत, आणि प्रशिक्षण घेतलेले स्थानिक कार्यकर्ते तज्ज्ञांच्या देखरेखीखाली तो चालवू शकतात. गोव्यात 'संगथ' या संस्थेने आणि पाकिस्तानात रावळपिंडीत मिळून ६५ स्वमग्न मुलांवर अशाच पद्धतीची चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. तज्ज्ञ नसलेल्या, पण प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी पालकांना शिकवले. पालक मुलाच्या कलाने प्रतिसाद देऊ लागले आणि मुले स्वतःहून संवाद जास्त सुरू करू लागली. सगळीच मोजमापे सुधारली असे नाही. आई-मुलाचे एकत्र लक्ष एखाद्या गोष्टीवर टिकण्याचा वेळ उलट कमी दिसला. त्यामुळे याला जादू समजू नये. पण मदत सुरू होऊ शकते आणि तीही तज्ज्ञ मिळेपर्यंत न थांबता, एवढे त्यातून निश्चित कळते. मुंबईतील 'उम्मीद' ही संस्था २००१ पासून अशा मुलांबरोबर आणि त्यांच्या कुटुंबांबरोबर काम करते आहे आणि वस्तीपातळीवरच्या कार्यकर्त्यांनाही घडवते आहे.

शिकवा, पण ओझे ढकलू नका

इथे एक धोका स्पष्ट सांगायला हवा. "पालकच खरे थेरपिस्ट" हे वाक्य हल्ली फार ऐकू येते. ऐकायला गोड आहे. पण रिक्त पद न भरणाऱ्या व्यवस्थेच्या तोंडी ते आले की त्याचा अर्थ बदलतो. थेरपिस्ट नेमायचा नाही आणि मूल पुढे गेले नाही तर "तुम्ही घरी करत नाही" म्हणून आईला दोष द्यायचा. पालक प्रशिक्षण ही थेरपीला जोड आहे, थेरपीचा पर्याय नाही. मूल बोलत नसेल तर सगळ्यात आधी त्याच्या कानांची तपासणी झाली पाहिजे. ऐकू न येणाऱ्या मुलाच्या आईला "बोलत राहा" सांगणे क्रूर आहे.

दुसरे असे की "पालक" हा शब्द वापरून आपण प्रत्यक्षात फक्त आईला बोलावतो. बैठक दुपारी दोनला ठेवली की वडील येत नाहीत आणि धुण्याभांड्याची कामे करणारी आईही येत नाही. आजी मात्र मूल दिवसभर सांभाळते, तिला कोणी बोलावतच नाही. वेळ संध्याकाळची आणि बोलावणे सगळ्या घराला, एवढा बदल केला तरी उपस्थितीत फरक पडतो.

तिसरा मुद्दा पैशाचा. १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात प्रसूती लाभ विधेयकावर बोलताना बाबासाहेबांनी कामगार स्त्रीला बाळंतपणाच्या काळात विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून त्याचा भार सरकारनेही उचलावा, अशी भूमिका घेतली होती. तेच तर्कशास्त्र इथे लागू पडते. मुलासाठी रोजगार बुडवणारी आई समाजाचे काम करते आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ च्या कलम २४ मध्ये जास्त आधाराची गरज असणाऱ्यांसाठी काळजीवाहकाच्या भत्त्याचा उल्लेख आहे. लहान मुलांच्या आयांपर्यंत तो पोहोचलेला मला माझ्या कामात दिसलेला नाही.

कायद्यातली एक फटही लक्षात घ्यावी. शिक्षण हक्क कायदा सहा वर्षांपासून सुरू होतो. दिव्यांग कायद्यातला मोफत शिक्षणाचा हक्कही ६ ते १८ वर्षांसाठी आहे. घटनेच्या कलम ४५ मध्ये सहा वर्षांखालील मुलांच्या संगोपनाची आणि शिक्षणाची जबाबदारी राज्यावर टाकली आहे, पण ते मार्गदर्शक तत्त्व आहे. त्यासाठी कोर्टात जाता येत नाही. मेंदूची वाढ सर्वांत वेगाने होते तीच वर्षे अशी हक्काच्या बाहेर राहिली आहेत.

गेल्या जन्माचे पाप आणि आपण

आपल्या घरात भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेबांची तसबीर असते. तरीही असे मूल जन्मले की शेजारी कुजबुज होते: कुणाचे तरी पाप, ग्रहणात काही चिरले असेल, बाहेरचे लागले असेल. मग दर्गा, देवऋषी, अंगारे-धुपारे यांत दोन-तीन वर्षे जातात. मी हे टीका म्हणून लिहीत नाही. डॉक्टर उत्तर देत नाहीत तेव्हा माणूस मिळेल त्या दारात जातो. पण 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी गेल्या जन्मीच्या कर्माचा सिद्धान्त का नाकारला, हे आपण वर्षावासात दरवर्षी वाचतो. गरिबाची गरिबी आणि दुःख त्याच्याच माथी मारण्यासाठी तो सिद्धान्त वापरला जातो, हा त्यांचा आक्षेप होता. दिव्यांग मुलाच्या आईला पापी ठरवणे हा त्याचाच प्रकार आहे.

चुल्लपंथकाची गोष्ट अनेकांना माहीत असेल. चार महिन्यांत त्याला एक गाथा पाठ होईना. सख्ख्या मोठ्या भावाने, जो स्वतः भिक्खू होता, त्याला "तुला जमणार नाही" म्हणून निघून जायला सांगितले. तथागतांनी त्याला पाठांतर दिले नाही. हातात स्वच्छ कापड दिले आणि ते चोळत राहायला सांगितले. कापड मळत गेले तसे त्याला अनित्यता समजली. विद्यार्थी बदलता येत नसेल तर शिकवण्याची रीत बदला, हा धडा त्यात आहे. पालक प्रशिक्षणाचे सारे शास्त्र याच दिशेने जाते.

काय करता येईल

सरकारकडे मागण्या नेमक्या हव्यात. महाराष्ट्रात डिसेंबर २०२२ मध्ये दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग झाला. या विभागाने आरोग्य आणि महिला-बालविकास विभागाला सोबत घेऊन प्रत्येक तालुक्यात पालक प्रशिक्षणासाठी पगारी प्रशिक्षक नेमावा. जिल्हा केंद्रातील तज्ज्ञाने महिन्यातून ठरलेल्या दिवशी तालुक्याला यावे. केंद्रात येणाऱ्या पालकाला प्रवासखर्च आणि बुडालेला रोज द्यावा. ऊसतोड कुटुंबांच्या मुलांची तपासणी गाव सोडण्याआधी व्हावी आणि नोंद त्यांच्यासोबत जावी. ग्रामपंचायत, पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेला स्वउत्पन्नातील ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा आहे. त्यातून या प्रशिक्षणासाठी तरतूद करा, असा ठराव ग्रामसभेत मांडता येतो. त्यासाठी मंत्रालयात जावे लागत नाही.

समाज म्हणून आपल्याकडे एक मोठी जागा आहे: बुद्धविहार. वर्षावास तीन महिन्यांचा असतो, म्हणजे साधारण बारा आठवडे. नऊ बैठका आणि तीन गृहभेटी त्यात बसतात. रविवारच्या वंदनेनंतर एक तास अशा पालकांसाठी ठेवावा. आपल्यात आता डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट, विशेष शिक्षक, मानसशास्त्राचे पदवीधर आहेत. जयंतीच्या वर्गणीतला छोटा हिस्सा प्रशिक्षकाच्या मानधनासाठी काढता येईल. आणि या मुलांना विहारात येऊ द्यावे. वंदनेच्या वेळी मूल ओरडले म्हणून आईने त्याला बाहेर घेऊन जावे, अशी नजर तिच्याकडे कुणी टाकू नये.

घरच्यांनी काही खुणा लक्षात ठेवाव्यात. नवव्या महिन्याच्या सुमारास आधाराशिवाय न बसणे, वर्ष झाले तरी नावाला प्रतिसाद न देणे, दीड वर्षात न चालणे, दोन वर्षांत दोन शब्द जोडून न बोलणे, असे दिसले तर "याचा बापही उशिराच बोलला" म्हणून थांबू नका. येत असलेले शब्द किंवा हालचाली बंद झाल्या तर कोणत्याही वयात लगेच दाखवा. अंगणवाडी सेविकेला किंवा आशाताईंना सांगा आणि पुढे पाठवल्याची चिठ्ठी लेखी मागून घ्या.

ओट्यावर भेटलेल्या त्या आईच्या घरी आम्ही नंतर पाच वेळा गेलो. मुलगा अजून बोलत नाही. त्याच्या कानांची सखोल तपासणी अजून रखडली आहे, तिचा पाठपुरावा चालू आहे. पण आता तो पेला घेऊन येतो, आईचा हात धरतो आणि माठाकडे ओढतो. आधी ती चिडून हात सोडवायची. आता ती थांबते, त्याच्या डोळ्यांत बघते आणि म्हणते, "पाणी?" हे तिला शिकवायला आम्हाला एक दुपार लागली. ती दुपार तिला दोन वर्षे आधीच मिळायला हवी होती.

जय भीम, नमो बुद्धाय!